पुरानंतरचा पंचनामा

पूर जात पाहत नाही, असे आपल्याकडे म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. पाणी जात पाहत नसेल. पण पाण्याच्या वाटेवर कोणी राहायचे, हे समाजव्यवस्थेने आधीच ठरविलेले असते. पाणी ओसरल्यावर कोणाचे किती बुडाले हे लिहिणारी लेखणीही त्याच व्यवस्थेच्या हाती असते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना चक्रीवादळात या शहराचे बांध फुटले आणि सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. हे बांध केंद्र सरकारच्या लष्करी अभियंता विभागाचे होते. तेव्हा आपत्ती केवळ निसर्गाची नव्हती. शहराची दोन-तृतीयांश लोकसंख्या कृष्णवर्णीयांची. त्यांच्यातील कष्टकऱ्यांची ‘लोअर नाइन्थ वॉर्ड’ ही वस्ती कालव्याची भिंत कोसळून उद्ध्वस्त झाली. येथील निम्म्याहून अधिक कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. कित्येक घरे वाडवडिलांकडून चालत आलेली होती.

सरकारी मदत रेंगाळली तेव्हा मलिक रहीम हे कार्यकर्ते उभे राहिले. 1972 साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरपासून नाव घेतले, त्याच संघटनेचे ते जुने सैनिक. सप्टेंबर 2005 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘कॉमन ग्राउंड’ ही संघटना स्थापन केली. मशिदीत मोफत दवाखाना सुरू झाला, चिखलाने भरलेली घरे स्वयंसेवकांनी साफ केली. दया नको, एकजूट हवी, ही त्यांची भूमिका होती.

परंतु खरा संघर्ष पुढेच होता. शहराने पडकी घरे पाडण्याचे ठरविले. मालक मात्र दूरच्या शहरांत विखुरलेले. रहिवासी न्यायालयात गेले आणि जानेवारी 2006 मध्ये, आधी सूचना दिल्याशिवाय घर पाडणार नाही, अशी तडजोड महापालिकेला मान्य करावी लागली. त्याच महिन्यात पुनर्रचनेचा नकाशा प्रसिद्ध झाला. सखल वस्त्यांवर हिरवी वर्तुळे होती. तेथे पुढे उद्याने व्हावीत, असा त्याचा अर्थ. आपली वस्ती पुन्हा नांदेल हे रहिवाशांनी चार महिन्यांत सिद्ध करावे, तोवर बांधकाम परवाने थांबवावेत, अशी शिफारस होती. लोक संतापून सभांना आले आणि परवाने थांबविण्याच्या शिफारशीपासून महापौरांना माघार घ्यावी लागली.

यानंतरचा अन्याय अधिक सूक्ष्म होता. ‘रोड होम’ या योजनेत घराची पूर्वीची बाजारभावाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांपैकी जी रक्कम कमी तिच्या आधारे अनुदान ठरे. नियमात वर्णाचा उल्लेखही नव्हता. पण वर्णभेदाने काळ्यांच्या वस्तीतील घरांचा भाव पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवला होता. त्यामुळे विटा-लाकडांचा खर्च सारखाच असूनही काळ्या घरमालकाच्या हाती कमी पैसा आला. शिवाय वारसाहक्काची कागदपत्रे नसल्याने अनेकांचे अर्ज अडले. 2008 मध्ये काही कृष्णवर्णीय घरमालक व गृहहक्क संघटनांनी खटला भरला. 2011 मधील तडजोडीत सुमारे 6 कोटी 20 लाख डॉलर अनुदान मंजूर झाले. तोपर्यंत अनेकांनी परतण्याची आशा सोडली होती. 2020 च्या जनगणनेतही लोअर नाइन्थ वॉर्डात पूर्वीची निम्मी वस्ती नव्हती.

हा विजयाचा इतिहास नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीही त्यातून एक गोष्ट शिकता येते. अन्नाची पाकिटे वाटणे आवश्यक आहे; पण नुकसान मोजण्याची फूटपट्टी ज्याच्या हातात, त्याच्याच हातात पुनर्वसन राहते. 2019 च्या महापुराने सांगली-कोल्हापूरची गावे बुडाली, हे आपण पाहिले. पिकाची भरपाई सातबाऱ्याच्या आधारे मिळते. शेतमजुराच्या बुडालेल्या रोजाला त्यात रकाना नसतो. नावावर नसलेल्या जागेवरच्या घरापाशी पंचनाम्याची लेखणी अडखळते. कायद्यापुढे सर्व समान म्हणून नियमही समान, असे सांगितले जाते. पण विषमतेच्या जमिनीवर लावलेला समान नियम विषमताच पिकवितो.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम पाणी चढण्याआधी सुरू झाले पाहिजे. वस्तीतील प्रत्येक घराची, वारसाची, मजुरीची नोंद वस्तीनेच ठेवावी. उद्या तलाठी पंचनाम्याला येईल, तेव्हा त्याच्यासमोर हात जोडून उभे राहायचे नाही. आपली वही उघडून बसायचे.