परकोटाच्या आतले घर

अमरावतीच्या परकोटाच्या आतला आमचा वडिलोपार्जित वाडा विकण्याचे गेल्या चैत्रात ठरले. पहिले गिऱ्हाईक आले. त्याने सागाच्या तुळया पाहिल्या नाहीत की विहिरीत डोकावले नाही. पावलांनी जागा मोजली आणि विचारले, "गाडी कुठवर येते?" गाडी आमच्या बोळात येत नाही. भाव तिथेच निम्म्यावर आला. त्या रात्री मनात आले, ज्या भिंतीपायी आज या घराची किंमत उतरली, तिनेच एके काळी ती चढवली होती!

अठराव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ आणि तालुकेदाराचा जाच यांना कंटाळून अकोल्याची पुष्कळ कुटुंबे अमरावतीला आली, असे सांगतात. सारेच गाव सोडू लागले म्हणजे घर घेणार कोण? माणसे तेवढी निघतात, घरे मागे राहतात. इकडे अमरावतीत व्यापार वाढला आणि त्याबरोबर पेंढाऱ्यांचे भयही. तेव्हा 1807 साली निजामाच्या सरकारने परकोट बांधावयास घेतला. उंची 20 ते 26 फूट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे, चार खिडक्या. भिंतीच्या आतली हातभर जागादेखील तेव्हा मोलाची असली पाहिजे. आमचे बोळ अरुंद का, याचे उत्तर मला तरी यातच दिसते. त्या काळचा घेणारा घर घेत नव्हता, रात्रीची झोप विकत घेत होता.

पुढे पेंढारी गेले, 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कापसाचा पैसा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांत शिरला आणि 1865 साली बुडाला. वऱ्हाडात मात्र आगगाडी आली. 1867 साली ती नागपूरला पोचली. अकोला थेट रुळांवर आले. मोर्णेच्या एका तीरावर असदगडाजवळचे जुने गाव राहिले, दुसऱ्या तीरावर ताजनापेठेकडे सरकारी कचेऱ्या झाल्या. ज्या गावातून लोक एकदा पळाले होते, तिथेच आता व्यापारी जागा शोधू लागले. अमरावतीला मुख्य गाडी टाळून गेली. बडनेऱ्याहून सहा मैलांचा फाटा मागाहून आला. घराचे मोल भिंतीतून निघून वाटेवर गेले, ते पुन्हा आत आले नाही.

तिसरा फेरा कायद्याचा. महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली आणि 1949 साली मध्यप्रांत-वऱ्हाडात घरभाडे नियंत्रणाचा हुकूम निघाला. कंट्रोलरच्या परवानगीवाचून भाडेकरूला नोटीस देता येईना. घर रिकामे झाले तर डेप्युटी कमिशनरला कळवायचे. तिथे कोणी राहायचे हे तो सांगू शके. 1956 साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्र झाला, तरी इकडे तोच हुकूम चालू राहिला. 31 मार्च 2000 रोजी राज्याचा नवा कायदा लागू झाला, तेव्हा तो गेला. परिणाम असा की भाडेकरूसकट घराला बाहेरचे गिऱ्हाईक मिळेना. घरमालक याला अन्याय म्हणत. आमच्या घरातही तोच शब्द ऐकत मी लहानाचा मोठा झालो.

आमच्या दर्शनी दोन खणांत जी बाई राहते, तिचे सासरे त्या हुकमाच्या काळात आले होते. गिऱ्हाइकाची अट होती, वाडा रिकामा करून द्या. मी तिच्याकडे गेलो. तिने आधी चहा दिला, मग म्हणाली, "भाऊ, इकाचंच अशीन तर मले सांगजा. मी कुठी जाऊ आता?"

आजवर या घराला ज्याने त्याने दुसऱ्याच कशासाठी तरी मोल दिले होते. हिला घरच हवे होते.

दोन खण तिला दिले. भाव कमी आला. आमच्या घरात चार दिवस धुसफूस चालली. उरलेला वाडा अजून विकावयाचा आहे. खरेदीखत झाल्यावर कचेरीच्या पायरीवर तिने एवढेच विचारले, "भाऊ, हिरीचं पानी भरू द्यान ना?"