‘फेकतोय, फेकतोय!’

गावातल्या टेनिस बॉल स्पर्धेचं पत्रक परवा व्हॉट्सअॅपवर आलं. बक्षिसं, प्रवेश फी, पुढाऱ्यांचे फोटो आणि तळाला बारीक अक्षरात नियम. त्यातला एक असा : बॉलर थ्रो करताना दिसल्यास पंच त्याची बॉलिंग बंद करतील, निर्णय अंतिम राहील.

वाचलं आणि अठरा-वीस वर्षांपूर्वीचा एक पोरगा आठवला. हात जरा वाकडा, पण बॉल टप्पा पडल्यावर कुठे वळेल याचा पत्ता लागायचा नाही. सेमीफायनलला समोरच्या टीमने ‘फेकतोय, फेकतोय’ असा गलका केला. पंचांनी लागोपाठ तीन नो बॉल दिले. मी बातमीत ‘संशयास्पद शैली’ हे दोन शब्द टाकून मोकळा झालो. ना पोराला विचारलं, ना पंचांना. तो पुन्हा कधी मैदानात दिसला नाही.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय. आणि एक गोष्ट पक्की कळली. आज आपण ज्याला रीतसर बॉलिंग म्हणतो, ती एकेकाळी बेकायदेशीर होती.

क्रिकेट सुरू झालं तेच अंडरआर्म. आपल्या चाळींच्या बोळात आणि बॉक्स क्रिकेटमध्ये आजही चालतं तसं, हात खालून. केंटच्या जॉन विल्सने हात खांद्याच्या दिशेने वर न्यायला सुरुवात केली. (बहिणीचा झगा आड येत असल्यामुळे ती सरावात हात वरून फिरवायची, तिचं बघून हा शिकला, अशी एक दंतकथा आहे. जाणकार ती फारशी खरी मानत नाहीत, पण गोष्ट गोड आहे.) १५ जुलै १८२२ ला लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध पंचांनी त्याला नो बॉल दिला. विल्सने बॉल तिथेच टाकला, घोड्यावर बसला आणि निघून गेला. एकटाच. परत मोठ्या सामन्यात आला नाही. १८३५ मध्ये खांद्यापर्यंत हात नेणं कायदेशीर झालं, म्हणजे तेरा वर्षांनी. त्याच्या थडग्यावर म्हणे ‘राउंडआर्म बॉलिंग आणणारा पहिला’ असं कोरलंय. त्याचा काय उपयोग?

आता दुसरं प्रकरण बघा. २६ ऑगस्ट १८६२, ओव्हलचं मैदान, इंग्लंड विरुद्ध सरे. एडगर विल्शरचा हात खांद्याच्या वर जातोय म्हणून पंच जॉन लिलीव्हाइटने त्याला सलग सहा नो बॉल दिले. विल्शर चालू लागला, पण एकटा नाही. त्याच्या संघातले बाकीचे व्यावसायिक खेळाडूही मागोमाग बाहेर पडले. मैदानात उरले दोन हौशी खेळाडू! त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला तो पंच बदलून. आणि १० जून १८६४ ला ओव्हरआर्म कायदेशीर झालं. तेरा वर्षांचं काम दोन वर्षांत. बुमराहपासून आपल्या शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे त्या दिवसाच्या जोरावर हात वरून फिरवतात.

माझ्या मते फरक हाताच्या उंचीत नव्हता. मागे किती जण चालू लागले, यात होता.

विसाव्या शतकात भांडण खांद्यावरून कोपरावर आलं. हात वाकवून झटक्यात सरळ केला तर तो बॉल नाही, फेक. तत्त्व म्हणून बरोबरच आहे. बावीस यार्डांवरून दगड मारल्यासारखा बॉल मारायचा असेल तर बॅट्समनने करायचं काय? ‘सगळं चालू द्या’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण ठरवायचं कशाने, तर पंचाच्या नुसत्या डोळ्याने. तिथे लोकांची वाट लागली.

१९६०, लॉर्ड्स. दक्षिण आफ्रिकेचा जेफ ग्रिफिन, वय २१. लहानपणीच्या अपघातामुळे हात पूर्ण सरळ होत नसे. त्याने त्या कसोटीत हॅटट्रिक घेतली, लॉर्ड्सवरची कसोटीतली पहिली. त्याच सामन्यात त्याला फेकीसाठी ११ नो बॉलही मिळाले. कसोटी लवकर संपली म्हणून प्रेक्षकांसाठी एक प्रदर्शनी सामना ठेवला, तर तिथेही पंचांचं तेच. शेवटी बिचाऱ्याने ओव्हर संपवायला अंडरआर्म टाकला. त्यावरही नो बॉल! का, तर शैली बदलल्याचं आधी कळवलं नाही. हसावं की रडावं. त्याची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. १९६३ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या इयन मेकिफला एका ओव्हरमध्ये चार नो बॉल मिळाले. कर्णधार रिची बेनॉने त्याला पुन्हा बॉल दिला नाही आणि सामना संपल्यावर मेकिफ निवृत्त झाला.

‘पण नियम तो नियम’ म्हणणाऱ्यांसाठी १ फेब्रुवारी १९८१. मेलबर्न. शेवटच्या बॉलवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा रन हवेत. कर्णधार ग्रेग चॅपलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चक्क सरपटी टाकायला लावला. तेव्हाच्या नियमात शंभर टक्के कायदेशीर. ब्रायन मॅकेक्नीने तो अडवला आणि बॅट फेकून दिली. दोन्ही देशांत बोंब झाली, मग वनडेतून अंडरआर्म बंद झालं. पण हुकूम देणाऱ्या मोठ्या भावाच्या नावावर पुढे बरंच काही जमा झालं, आणि ट्रेव्हर म्हटलं की लोकांना अजून तो एकच बॉल आठवतो.

आता मुरली. २६ डिसेंबर १९९५, पुन्हा मेलबर्न. डॅरेल हेअरने तीन ओव्हरमध्ये सात नो बॉल दिले. रणतुंगाने काय केलं? मुरलीला दुसऱ्या टोकाकडून आणलं. तिथे स्टीव्ह डन पंच होता, त्याने एकही दिला नाही. तोच हात, तोच बॉल, तोच दिवस! १९९९ मध्ये ॲडलेडला रॉस इमर्सनने पुन्हा नो बॉल दिला, तेव्हा रणतुंगा संघ घेऊन सीमारेषेपर्यंत गेला. त्याला त्याची शिक्षा झाली, पण मुरली खेळत राहिला.

२००४ मध्ये त्याच्या ‘दुसऱ्या’वर तक्रार झाली. तेव्हा स्पिनरला पाच अंश, मध्यमगतीला साडेसात आणि फास्ट बॉलरला दहा अंश सूट होती. मग कॅमेरे लावून मोजलं, तर ज्यांचे हात आपल्याला काठीसारखे सरळ वाटतात त्यांतल्याही बहुतेकांचे कोपर जुन्या मर्यादेबाहेर जात होते. १ मार्च २००५ पासून सगळ्यांना १५ अंश. काही जण म्हणतात नियम मुरलीसाठी वाकवला. मी म्हणेन, पहिल्यांदाच आधी मोजलं आणि मग नियम लिहिला.

२०१० मध्ये गॉलला मुरलीचा ८०० वा बळी ठरला आपला प्रग्यान ओझा. त्याच ओझाने नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सचिनच्या शेवटच्या कसोटीत दहा विकेट घेतल्या. वर्षभराने त्याचीच शैली १५ अंशांच्या बाहेर भरली. त्याने हात सुधारला, त्याला परवानगीही मिळाली. कसोटी मात्र पुन्हा मिळाली नाही. म्हणजे प्रयोगशाळेतून सुटलं तरी डाग जातोच असं नाही. तरी त्याला तपासणी मिळाली, चूक कुठे ते कळलं.

आमच्या तालुक्याला प्रयोगशाळा येणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून काल आयोजकांपैकी एकाला फोन केला. म्हटलं भाऊ, शंका आली तर ओव्हर संपल्यावर बाजूला घेऊन सांगा, मोबाईलवर त्याचा हात त्यालाच दाखवा, दुसऱ्या पंचालाही विचारा. भर मैदानात ओरडू नका. ते म्हणाले, “साहेब, पत्रकं छापून झालीत.” मग थोडं थांबून, “बघतो, पंचांशी बोलतो.”

स्पर्धा रविवारपासून आहे. आणि तो पोरगा आता चाळिशीच्या जवळ असेल. कुणाच्या ओळखीत असेल तर माझा नंबर द्या. त्या दोन शब्दांबद्दल बोलायचंय.