नाव गुप्त ठेवा, एवढंच मागितलं होतं

खंबाटकी ओलांडली की सातारा, कराड, मग सांगली जिल्ह्यातलं कासेगाव, पेठ नाका. हा आपला रोजचा हायवे, जुना एनएच-४. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाचा हा एक तुकडा. आजची गोष्ट त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टोकाची, बिहार-झारखंडची.

सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचे सिव्हिल इंजिनियर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात नोकरीला. त्यांनी पाहिलं, की मोठ्या कंपन्या कंत्राट घेतात आणि काम छोट्या पोटकंत्राटदारांना देऊन टाकतात. त्यांची तेवढी कुवतच नसते. आता डांबराखाली काय भरलंय, हे गाडी चालवणाऱ्याला कसं कळणार? ते फक्त साइटवरच्या माणसाला कळतं.

म्हणून ११ नोव्हेंबर २००२ रोजी दुबेंनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. पत्रावर सही नव्हती. विश्वास बसावा म्हणून स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. सरकारी फाइल मात्र त्या कागदासकट पुढे सरकत गेली, मंत्रालयात आणि त्यांच्याच खात्यात.

२७ नोव्हेंबर २००३. पहाटे गया स्टेशनवरून रिक्षाने घरी जाताना त्यांना गोळी घातली. वय जेमतेम ३०. सीबीआयच्या मते ही लूटमार होती. २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. कंत्राटदारांचा हात कोर्टात सिद्ध झाला नाही. पण नाव फुटलं कसं, हा प्रश्न त्या निकालाने मिटत नाही.

देशभर संताप उसळला. २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्त तक्रारींची सोय झाली. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. अंमलबजावणीची तारीख मात्र सरकारने जाहीरच केली नाही. शिवाय त्याचा रोख सरकारी नोकरांच्या गैरकारभारावर. खासगी कंपनीने स्वतःच्याच माणसाला तोंड उघडलं म्हणून काढलं, तर? शेअर बाजारातल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारीची यंत्रणा ठेवावी लागते. पण ती चालवणार कंपनीच!

आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बग सांगणाऱ्याला निदान थँक्यू तरी म्हणतात. रस्त्याचा बग सांगणाऱ्याचं नाव जपणं हीसुद्धा सुरक्षाच आहे, क्रॅश बॅरियरइतकीच. ते नाव जपलं नाही, तर पुढचा इंजिनियर गप्प बसेल. आणि त्या रस्त्यावरून आपली एसटी जाणार असेल.

भेटू पुढच्या भागात.