रानपिंगळ्याची हजेरी

नेहमीपेक्षा वेगळे पाखरू दिसले तर ती बातमी कोणाला सांगावयाची, आणि सांगणाऱ्याचा शब्द कशावरून खरा मानावयाचा? नाशिककरांना हा प्रश्न दर हिवाळ्यात पडतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा नांदूर-मधमेश्वरचा जलाशय २०२० साली रामसर यादीत जाहीर झाला. महाराष्ट्रातील तो पहिला. तेथून परतणारा जो तो एखादी नवलाई घेऊनच येतो, आणि रविवारच्या चहाबरोबर ती वाढत जाते. अशा बातमीचे मोल कसे ठरते हे सांगण्यासाठी आम्ही आपल्याच महसुली विभागातील, नंदुरबार जिल्ह्यातील एक हकिगत निवडली आहे. ती एका लहानशा घुबडाची आहे आणि एका खोट्या नोंदीची.

त्या घुबडाचे नाव रानपिंगळा. १८७३ साली अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे ज्यांचे नाव आले तेच हे ह्यूम. नमुना त्यांना ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागातून पाठविला होता. पुढे खानदेशात मुलकी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा-तळोद्याच्या बाजूस आणखी काही नमुने मिळविले. पाखराच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर जात, जागा, तारीख आणि साहेबाचे नाव असते. रानात वाट दाखविणाऱ्याचे नाव नसते. असो. १८८४ नंतर रानपिंगळा कोणालाच दिसला नाही.

कोणालाच, असे आज म्हणता येते. पुस्तकांत मात्र दीर्घकाळ निराळेच छापलेले होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: ऑक्टोबर १९१४, तापीकाठचे मांडवी, गुजरात. हा संग्रह १९५४ साली ब्रिटिश संग्रहालयाकडे गेला. कर्नलसाहेब मोठे शूर, मोठे वजनदार, पक्षिशास्त्रात नामांकित. अशा माणसाची चिठ्ठी कोण उलटून पाहणार? वास्तविक याच संग्रहालयाने त्यांना १९१९ साली पक्ष्यांच्या दालनात येण्यास काही काळ बंदी केली होती. कारण, परवानगीवाचून नमुने बाहेर नेले. तरीही चिठ्ठी खरी मानली गेली.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही पक्षिशास्त्राची परीक्षा दिलेली नाही. हजेरीपट मात्र पुष्कळ वाचले आहेत. एका कारखान्यात ओव्हरटाइमचे पैसे बुडाले, तेव्हा मालकाच्या वकिलाने वर्षभराचा हजेरीपट पुढे ठेवला. अक्षर सुरेख, बेरजा बिनचूक. पण श्रावणातले पान आणि वैशाखातले पान सारखेच करकरीत, शाई एक, हात एक, आणि साऱ्या वहीवर तेलाचा एक डाग नाही! यंत्रशाळेतील वही आणि तेलाचा डाग नाही, हे आमच्यापैकी एकालाही पटले नाही. ती वही एका बैठकीत लिहिलेली होती.

रानपिंगळ्याच्या बाबतीत तेलाचा डाग शोधला तो अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे नायजेल कोलार यांनी. कर्नलच्या नमुन्याची क्ष-किरण चित्रे घेतली, शिवण तपासली, आत भरलेला कापूस पाहिला. कातडे एकदा उसवून पुन्हा भरलेले निघाले, आणि जुन्या बांधणीच्या ज्या खुणा उरल्या होत्या त्या डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. म्हणजे खानदेशातील पाखरू संग्रहालयातून उचलले, नवी चिठ्ठी बांधली आणि गुजरातच्या नावावर खपविले. हा सारा पुरावा १९९९ साली प्रसिद्ध झाला.

एक चिठ्ठी खोटी निघाली तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते असे की चिठ्ठीवर विसंबून शोधणारा मांडवीला जातो, आणि पाखरू शहाद्याला असते. तेवढ्या वर्षांत तेथले सागाचे रान तुटत राहते, आणि ते वाचवा म्हणून सांगणारा कोणी नसतो. रासमुसेनबाईंनी १९१४ ची नोंद बाजूस सारली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा घेतल्या. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्यांनी प्रथम पूर्वेकडची जुनी ठिकाणे पाहिली; तेथे काही मिळाले नाही. मग मंडळी शहाद्याला आली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी बेन किंग यांना निष्पर्ण झाडावर उघड्यावर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनंतर!

आता नोंदवही संगणकावर आली आहे. ईबर्ड नावाच्या वहीत आपण पाहिलेले पाखरू लिहिता येते. परंतु त्या भागात, त्या महिन्यात सहसा न दिसणारी जात लिहिली की नोंद अडते आणि एखादा जाणकार स्वयंसेवक विचारतो: कोठे पाहिलेत, किती वेळ, छायाचित्र आहे का? पुष्कळांना याचा राग येतो. ‘आम्ही काय खोटे बोलतो?’ आम्हांला तर ही विचारणा मोठी समाधानाची वाटते. ती कर्नललाही होते आणि फिटरलाही होते. १९१४ च्या चिठ्ठीला हेच तीन प्रश्न वेळीच विचारले असते तर!

२०१४ साली रानपिंगळा ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात आढळला. कसारा घाट उतरला की लागणारा शहापूर तालुका तो हाच. तेव्हा त्या बाजूच्या सागाच्या रानात दिवसाढवळ्या बसलेला पिंगळा दिसला तर प्रथम माथा पाहावा. माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतील तर तो आपल्या वाड्याच्या वळचणीतला नेहमीचा पिंगळा. माथा जवळजवळ कोरा दिसला, तर आधी घड्याळ पाहून वेळ टिपावी, मग जागा टिपावी, आणि मग बरोबरच्यांना हाक मारावी.