चाकाशिवाय मातीकाम: पोळ्याच्या बैलाची शिंगे का गळतात?

हाताने मातीच्या वस्तू घडवण्यासाठी कुंभाराचे चाक लागत नाही. पणती, चूल आणि पोळ्याचे मातीचे बैल ही मराठवाड्याच्या घराघरात ओळखीची असलेली तीन उदाहरणे. अडचण घडवताना येत नाही, वाळताना येते. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी देखणा दिसणारा बैल पूजेच्या पाटावर पाय मोडून बसलेला असतो, तो त्यामुळेच.

माती कोणती?

जालना जिल्ह्यातील शहागड हे गोदावरीकाठचे गाव. या पट्ट्यात शेतात काळी माती आणि नदीकाठी गाळ, दोन्ही मिळतात. काळी माती चिकट असते, हवा तो आकार घेते. पण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात रानात पडणाऱ्या भेगा आणि बैलाच्या पोटावरची भेग यांचे कारण एकच आहे. म्हणून काळ्या मातीत गाळ, बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळतात. चुलीच्या मातीत भुसा घालतात तोही याचसाठी.

मिश्रण जमले का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. मळलेल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी आणि पट्टी वाळू द्यावी. रेघ ९ सेंटिमीटरहून कमी भरली तर वाळू वाढवावी. दुसरी चाचणी: बोटाएवढी वळी बोटाभोवती गुंडाळावी. ती तडकली तर वाळू जास्त झाली किंवा पाणी कमी पडले.

माती आधी भिजवून, खडे आणि मुळ्या काढून, कणकेसारखी भरपूर मळावी. आत हवा राहू नये.

घडवण्याच्या तीन रीती

गोळ्यात अंगठा रोवून, फिरवत फिरवत कडा चिमटीत दाबल्या की वाटी होते. पणती हीच. तळ साधारण १ सेंटिमीटर जाड ठेवावा, नवशिक्यांच्या बोटाने तो हमखास फुटतो. उंच भांड्यासाठी वळ्या एकावर एक रचून आतबाहेरून लिंपतात. चौकोनी वस्तूंसाठी माती भाकरीसारखी थापून, कापून जोडतात.

जोड

खरे काम इथे आहे. नुसते दाबून चिकटवलेले शिंग वाळताना गळते. दोन्ही बाजूंवर काडीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात, त्याच मातीचा पातळ चिखल लावावा आणि मग दाबावे. दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. ओले शिंग सुकत आलेल्या डोक्यावर टिकत नाही.

जोडाचा प्रश्न जुना आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात न भाजलेल्या मातीची स्त्रीमूर्ती आणि बैल सापडले, तीन हजार वर्षांहून जुने. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. जोड चिखलावर न सोपवण्याचा हा उपाय आजही चालतो.

वाळवणे आणि भाजणे

वस्तू सावलीतच वाळवावी. शिंगे, कान लवकर सुकतात, त्यांवर ओला फडका ठेवावा.

तव्यावर किंवा घरच्या ओव्हनमध्ये माती पक्की होत नाही, पाण्यात ती पुन्हा विरघळते. त्यासाठी सुमारे ६०० अंशांहून अधिक उष्णता, म्हणजे भट्टीच हवी. पूजेनंतर विसर्जन करायचे असेल तर कच्चा बैलच बरा. भाजायचाच असेल तर आत ओल नको. वाफ होऊन तो फुटतो, शेजारची भांडीही फोडतो. वस्तू गालाला लावून पाहावी. गार लागली तर ती अजून ओली आहे.