मिठाऐवजी गवत : जंगल सत्याग्रह आणि नदीचे दोन काठ

बेज्जूर : प्राणहितेच्या अलीकडे बेज्जूर, पलीकडे अहेरी. जंगल एकच, सागवान एकच, गुरं चारणारी माणसंही एकाच वळणाची. पण 1947 पर्यंत या जंगलाला कायदे मात्र दोन होते. बेज्जूरचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, अहेरी इंग्रजांच्या मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात. 1930 साली ब्रिटिश बाजूला हजारो लोकांनी विळा हातात घेऊन, दिवसाढवळ्या, सांगून-सवरून जंगल कायदा मोडला आणि मुकाट्याने तुरुंग पत्करला. यालाच जंगल सत्याग्रह म्हणतात. निजामाच्या बाजूला तसे का झाले नाही आणि जे झाले त्याचा आजच्या वनहक्क दाव्यांशी काय संबंध आहे, हे सीमाभागातल्या वाचकांनी माहीत करून घेण्यासारखे आहे.

मीठ नव्हते, गवत होते

गांधीजींनी 6 एप्रिल 1930 रोजी दांडीला मिठाचा कायदा मोडला. विदर्भाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथे मीठ काढून सत्याग्रह झाला, पण ते किती दिवस आणि किती गावांना पुरणार? लोकांच्या रोजच्या जाचाचा कायदा वेगळाच होता. 1878 च्या आणि पुढे 1927 च्या वन कायद्याने गावालगतचे जंगल 'राखीव' झाले होते. गुरं चारायची तर चराई भरा, गवत कापायचे तर परवाना काढा, सरपणाची मोळी आणली तर नाकेदाराला तोंड द्या. जनावर हद्दीत शिरले की कोंडवाड्यात, आणि सोडवायला पुन्हा पैसे. मे 1930 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने जंगल कायदा मोडायला मान्यता दिली आणि वऱ्हाडला आपले 'मीठ' सापडले.

10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ धुंदीच्या राखीव जंगलात गवत कापले. अणे मूळचे वणीचे, यवतमाळला वकिली करणारे. त्यांच्यावर खटला चालला तो चोरीचा. राजद्रोह नाही, बंड नाही, भारतीय दंड विधानाचे साधे 379 कलम. नामांकित वकील गवत चोरला म्हणून सहा महिने आत गेला, ही गोष्ट बाजाराच्या गावी किती वेगाने पसरली असेल, याचा अंदाज कोणालाही यावा. 21 जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्या तुकडीने सत्याग्रह केला. त्यांना एकूण नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या तुरुंगात ठेवले गेले.

या लढ्याचा हिशेब साधा होता. जंगल खात्याचे उत्पन्न गवताचे लिलाव, चराई आणि लाकूड यांतून येई. लोकांनी परवाना न काढता गवत कापले तर त्यातला एक हिस्सा सरळ बुडतो. उलट पकडलेल्यांना कोर्टात न्यायचे, तुरुंगात ठेवायचे, खाऊ घालायचे, हा खर्च सरकारच्या माथी. सत्याग्रहीचे भांडवल म्हणजे एक विळा, आणि तो तर घरोघरी होताच. मोसमही बरोबर साधला. जुलैत पुढाऱ्यांनी सुरुवात केली, आणि निंदण आटोपून माणूस मोकळा होईस्तोवर रानात गवत कमरेएवढे झाले होते. ऑगस्ट-सप्टेंबरात सत्याग्रह गावोगाव पसरला तो त्यामुळेच.

इथे एक गंमत सांगायला हवी. पुसद ज्या वऱ्हाडात येते, तो वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच मुलूख होता. 1853 मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1902 च्या करारात कायमच्या पट्ट्याने दिला गेला. म्हणजे अण्यांनी गवत कापले ती जमीन नावाने निजामाची, कायदा इंग्रजांचा. पैनगंगा ओलांडली की किनवट-माहूर, आणि तो भाग तेव्हा थेट आदिलाबाद जिल्ह्यात. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबादचेच होते.

गोळी कोणी खाल्ली

सत्याग्रह सगळीकडे शांततेत पार पडला, असे म्हणणे खरे नाही. 14 सप्टेंबर 1930 रोजी शिवनी जिल्ह्यातल्या टुरिया गावी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चौघे गेले आणि त्यांतल्या तिघी आदिवासी बाया होत्या. 25 सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला गोळीबार झाला. तिथे सत्याग्रही मेले आणि मामलेदारही मेला.

या नावांकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. सुरुवात करणारे बहुतेक वकील, डॉक्टर, व्यापारी. त्यांच्यासाठी गवताचा भारा म्हणजे खूण होती. गोंड-कोरकूंसाठी तो गुरांचा चारा होता. पुढाऱ्याला सहा महिन्यांनी सुटून घरी जाता येत होते, जंगलातल्या माणसाला त्याच नाकेदाराच्या हाताखाली राहायचे होते. 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन कराराने हे उघडे पडले. समुद्रकाठच्या गावांना घरच्यापुरते मीठ करायची सवलत मिळाली, सत्याग्रही कैदी सुटले. राखीव जंगल मात्र राखीवच राहिले.

निजामाच्या बाजूला

आता बेज्जूरच्या बाजूला. इथल्या जंगलातला जाच कमी नव्हता. उलट 1920 नंतर राखीव जंगलाच्या रेषा वाढत गेल्या, गोंड-कोलामांची शेते त्या रेषेत सापडली, गावे उठवली गेली. पण सत्याग्रहाला जे लागते ते इथे नव्हते. कायदा उघडपणे मोडायचा तर आधी सभा हवी, पत्रक हवे, बातमी छापणारा पेपर हवा. संस्थानात 'गश्ती निशान 53' या हुकमाने परवानगीशिवाय सभा घ्यायलाच बंदी होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर सुरू होण्याआधीच, सप्टेंबर 1938 मध्ये, बंदी आली.

तरीही 24 ऑक्टोबर 1938 रोजी गोविंदराव नानलांच्या तुकडीने बंदी मोडून सत्याग्रह सुरू केला. स्वामी रामानंद तीर्थही तुरुंगात गेले. उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात, दाखल करून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. पण दोनच महिन्यांत, 24 डिसेंबरला, गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबवला. आर्य समाज आणि हिंदू महासभेचे आंदोलन त्याच वेळी चालू असल्याने नागरी हक्कांच्या मागणीला धार्मिक रंग चढत होता. आर्य समाजाच्या सोलापूरच्या परिषदेचे अध्यक्ष पुन्हा बापूजी अणेच होते.

या सगळ्यात आसिफाबादच्या डोंगरातला गोंड कुठे होता? फारसा कुठेच नाही. लढा शहरांचा होता. अर्ज-विनंत्यांनी काही झाले नाही तेव्हा कुमरम भीम यांनी जोडेघाटला बंदूक उचलली आणि 1940 साली ते मारले गेले. आश्विन पौर्णिमेला तिथे आजही माणसे जमतात. त्याच 1940 साली रामानंद तीर्थ वैयक्तिक सत्याग्रह करून निजामाबादच्या तुरुंगात गेले. एकाच संस्थानात, एकाच साली दोन लढे, आणि एकाचा दुसऱ्याला हात लागला नाही. भीम यांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने हाइमनडॉर्फ या मानववंश अभ्यासकाला या भागात पाठवले. गोंडांना जमिनीचे पट्टे, मारलावाईची शाळा आणि देवनागरीतली गोंडी पुस्तके हे त्यानंतरचे.

जंगल कायदा मोडायचा कार्यक्रम संस्थानात आला तो 1947 मध्ये. 7 ऑगस्टला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला गेला. नंतर जंगल तोडणे, शिंदीची झाडे पाडणे, लेव्ही न देणे, करोडगिरी नाक्यांना विरोध करणे, असे सगळे झाले. मात्र सरहद्दीवरच्या छावण्यांमध्ये तेव्हा हत्यारेही होती, त्यामुळे 17 सप्टेंबर 1948 पर्यंतचा हा लढा निव्वळ अहिंसक होता असे म्हणता येत नाही.

1930 ची तारीख आजही लागते

2006 च्या वनहक्क कायद्याने चराई, गौण वनोपज आणि कसत असलेली वनजमीन यांवरचे हक्क मान्य केले. वनवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली कायद्याच्या प्रास्ताविकातच आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना मात्र त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. 75 वर्षे मागे गेले की तारीख येते 13 डिसेंबर 1930. जंगल सत्याग्रहाचेच साल. बेज्जूर-सिरपूर पट्ट्यातल्या आरे, माळी यांसारख्या मराठी बोलणाऱ्या, पण अनुसूचित जमातीत नसलेल्या कुटुंबांचे दावे अडतात ते नेमके इथे.

ही 75 वर्षे वास्तव्याची आहेत, त्याच एका तुकड्यावरच्या ताब्याची नाहीत. हा फरक अर्ज भरतानाच लक्षात घ्यावा. नियम 13 प्रमाणे सरकारी नोंदी, कोर्टाचे हुकूम, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या खुणा आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्धाचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. मात्र एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. नदीपलीकडे आजोबावर 1930 च्या जंगल गुन्ह्याची नोंद सापडली, तर तोच कागद नातवाच्या उपयोगी पडू शकतो. अलीकडचे कागद मात्र उर्दूत आणि फसली सालात आहेत. ऑक्टोबर 1930 पासून पुढचे वर्ष म्हणजे फसली 1340, तेव्हा दप्तरात शोधताना 1340 आणि त्याआधीची सालं मागावीत.