क्रॉसबोची दोरी आणि पिवळं मेण

चीनमध्ये 1637 साली छापलेल्या ‘तियानगोंग काइवू’ या ग्रंथात शस्त्रांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. साध्या धनुष्याच्या दोरीबद्दल तिथे लेखक सांगतो की तिला पिवळं मेण लावलं तरी चालतं आणि नाही लावलं तरी काही बिघडत नाही. त्याच प्रकरणात पुढे क्रॉसबो येतो, म्हणजे लाकडी दांड्यावर आडवं बसवलेलं, खटका दाबून सोडायचं धनुष्य. इथे लेखक पर्याय ठेवत नाही. दोरी रॅमी या वनस्पतीच्या धाग्याची, तिच्यावर हंसाच्या पिसाची गुंडाळी आणि त्यावर पिवळं मेण, असं तो सरळ लिहितो.

एका दोरीला मेण ऐच्छिक आणि दुसरीला आवश्यक, हा फरक वाचताना सहज नजरेतून सुटतो. पण धनुष्याच्या इतिहासात दोरीबद्दल इतकं नेमकं लिहून ठेवणारे फार थोडे आहेत. राजे, लढाया आणि शस्त्रांचे पल्ले यांच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. दोरी मात्र कुजून गेली. शिआनजवळ सम्राट छिन शी ह्वांगच्या मातीच्या सैन्याबरोबर क्रॉसबोचे काशाचे खटके सापडले, ते दोन हजारांहून अधिक वर्षं टिकले. लाकूड आणि दोऱ्या यांचे बहुतेक ठिकाणी मातीत उरलेले ठसेच काय ते हाती लागतात. म्हणूनच दोरीविषयी कुणी जाणकारानं लिहिलेली एक ओळसुद्धा मोलाची ठरते.

हा लेखक म्हणजे सोंग यिंगशिंग. जियांगशी प्रांतातल्या फेंगशिन इथे 1587 साली त्याचा जन्म झाला. थोरल्या भावाबरोबर तो 1615 मध्ये प्रांताची परीक्षा उत्तम रीतीनं उत्तीर्ण झाला, पण राजधानीतल्या वरच्या परीक्षेत त्याला पुन्हा पुन्हा अपयश आलं. मोठं पद मिळालं नाही. 1634 पासून फेनयी या छोट्या गावी तो शिक्षकाची नोकरी करत होता आणि तिथेच त्यानं अठरा प्रकरणांचा हा ग्रंथ पुरा केला. भात, कापड, रंग, मीठ, साखर, मडकी, ओतकाम, होड्या, कागद, मोती असं सगळं त्यात आहे. छपाईचा खर्च त्याच्या एका मित्रानं उचलला. या पुस्तकाचा सरकारी नोकरीत वर चढण्याशी काडीचा संबंध नाही, असं सोंगनं प्रस्तावनेतच सांगून टाकलं आहे. परीक्षेसाठी घोकायच्या विद्येत कारागिराच्या हाताला स्थान नव्हतं. ते स्थान त्यानं स्वतःच्या पुस्तकात दिलं.

धनुष्याच्या दोरीचं त्यानं केलेलं वर्णन कारखान्यात उभं राहिल्याशिवाय लिहिता येणार नाही असं आहे. तुतीच्याच कुळातल्या एका काटेरी झाडाचा पाला खाणाऱ्या किड्यांचं रेशीम अधिक चिवट असतं, म्हणून दोरीला ते घ्यावं. वीसहून थोडे जास्त धागे एकत्र धरून गाभा करावा आणि त्यावर आडवा धागा घट्ट गुंडाळावा. ही गुंडाळी सलग नसते, तिचे तीन भाग करतात आणि मध्ये थोडी जागा मोकळी सोडतात. धनुष्य उतरवल्यावर दोरी त्या मोकळ्या जागी तीन घड्या घालून ठेवता येते. वळलेल्या दोरीला कुठे वाकू द्यायचं, हे ती वळतानाच ठरवलेलं असे.

क्रॉसबोची दोरी वेगळं आयुष्य जगते. साध्या धनुष्याची दोरी हवेतून जाते, तिला वाटेत काही लागत नाही. क्रॉसबोची दोरी दांड्याच्या पृष्ठभागाला खेटून धावते. शिवाय ती ओढून खटक्याच्या दातात अडकवून ठेवलेली असते, आणि धनुर्धारी वाट पाहत असला तर बराच वेळ तशीच ताणलेली राहते. दात जिथे रुततो तिथे सगळा भार एका बोटभर जागेवर येतो. बाण सुटताना तीच जागा दांड्यावर घासत पुढे जाते. दोरी तुटायची ती इथेच, मध्यावर.

म्हणून मध्यावर गुंडाळी. सोंगच्या काळी ती हंसाच्या पिसाची असे, कारण पीस गुळगुळीत असतं आणि चिवटही. ते बसवण्याची युक्तीही त्यानं नोंदवली आहे: क्रॉसबोची दोरी चढवली की ताठ होते आणि सोडली की सैल पडते, त्यामुळे पिसाची दोन्ही टोकं दोरीच्या पेडांत खुपसून ठेवता येतात. मग वरून मेण. मेण धाग्यांचे सुटे तंतू एकत्र बांधून ठेवतं, आतल्या आत होणारी घासण कमी करतं आणि पाणी बाहेर ठेवतं. ही तिन्ही कामं क्रॉसबोला हवीच असतात. रेशमाच्या, घट्ट गुंडाळलेल्या आणि हवेतून धावणाऱ्या दोरीला मात्र मेणावाचून निभावून नेता येतं. सोंगनं कारण लिहिलेलं नाही, पण कारागिराचा निर्णय जसाच्या तसा उतरवून घेतला आणि कारण त्या निर्णयातच दिसतं.

गाभा एका वस्तूचा आणि वेष्टण दुसऱ्या वस्तूचं, ही रीत त्याच्याही आधीची होती. चीनच्या सोंग राजवटीत 1068 च्या सुमारास दरबारापुढे आलेल्या ‘शेनबी’ या प्रसिद्ध क्रॉसबोची दोरी तागासारख्या धाग्याच्या दोराची होती आणि तिला रेशमानं बांधलेलं असे. त्या शस्त्राचा पल्ला तीनशे पावलांचा सांगितला जातो. याउलट एकामागून एक बाण सोडणारा, झूगे लियांग या प्राचीन चिनी सेनापतीच्या नावानं ओळखला जाणारा छोटा क्रॉसबो आज चित्रपटांमुळे जगभर माहीत झाला आहे. त्याच्याविषयी सोंगचं मत कडक आहे. वीस-पंचवीस पावलांपलीकडे त्याचा जोर पोचत नाही, हे घरात चोर शिरू नये म्हणून ठेवायचं साधन आहे, सैन्याचं नव्हे, असं तो लिहितो.

पावसाचा मुद्दाही त्याच्या नजरेतून सुटलेला नाही. उत्तरेकडच्या भटक्या टोळ्या पूर्वी बैलाच्या स्नायूंच्या दोऱ्या वापरत. उन्हाळ्यातल्या पावसात आणि धुक्यात त्या सुटतील या भीतीनं त्या दिवसांत टोळ्यांचे हल्ले होत नसत. पुढे त्यांच्याकडेही रेशमी दोऱ्या पोचल्या, हे तो लगेच पुढे सांगतो. राज्याच्या सरहद्दीवरची शांतता दोरी कशाची आहे यावर अवलंबून असू शकते, हे एका गावशिक्षकानं ओळखलं होतं. ग्रंथ छापल्यानंतर सात वर्षांनी त्या वेळची मिंग राजवट कोसळली.

ओल्या दोरीची युरोपातली गोष्ट यापेक्षा कितीतरी जास्त गाजली. 26 ऑगस्ट 1346 रोजी उत्तर फ्रान्समध्ये क्रेसी इथे इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डची फौज आणि फ्रान्सच्या सहाव्या फिलिपची फौज समोरासमोर आली. फ्रेंचांच्या पुढच्या फळीत जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोधारी होते. लढाईच्या आधी जोराची सर आली. ज्याँ द व्हेनेत या फ्रेंच बखरकारानं लिहिलं आहे की क्रॉसबोच्या दोऱ्या भिजून निकामी झाल्या, तर इंग्रज तिरंदाजांनी आपल्या दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली कोरड्या ठेवल्या होत्या. जिनोआवाले मागे फिरले, त्यांच्याच बाजूच्या फ्रेंच सरदारांनी त्यांना घोड्यांखाली तुडवलं आणि दिवस इंग्रजांचा ठरला.

या गोष्टीचा एक भाग निर्विवाद आहे. लांब धनुष्याची दोरी हातानं झटकन उतरवता येते. जबर ताकदीच्या क्रॉसबोची दोरी तशी निघत नाही, तिला वेगळं साधन लागतं. म्हणजे पावसात जिनोआवाल्यांच्या दोऱ्या जागच्या जागीच राहणार. पण ताग किंवा जवसाचा धागा भिजला म्हणून लगेच दुबळा होत नाही, आणि मेण मुरवलेली दोरी एका सरीत आतपर्यंत भिजत नाही. युद्ध हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, ते लोक मेणाशिवाय दोऱ्या घेऊन रणात उतरले असतील, हे पटायला जड जातं. पराभवाची इतर कारणं डोळ्यांसमोर आहेत. दिवसभराची चाल करून आलेले ते लोक दमले होते. आडोशाला धरायच्या मोठ्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या. चिखल होता, मावळतीचा सूर्य डोळ्यांवर येत होता, आणि ते एक बाण भरेपर्यंत समोरून कित्येक बाण येत होते. दोरीवर ठपका ठेवणं मात्र सोपं होतं.

दोरीपेक्षा धनुष्याला पाण्याची भीती जास्त होती. त्या काळचे बरेच क्रॉसबो शिंग आणि स्नायू सरसानं चिकटवून बनवलेले असत, आणि सरस ओल धरतो. म्हणून त्यांच्यावर चर्मपत्राचं किंवा भूर्जाच्या सालीचं वेष्टण चढवून ते रंगवत. पोलादी धनुष्य आलं तेव्हा ती चिंता मिटली आणि दोरीवरचा भार मात्र भयंकर वाढला. दोर-कप्प्यांचा रहाट किंवा दातेरी चाकाचं यंत्र लावल्याशिवाय ही धनुष्यं ताणता येत नसत. दोरी जाडजूड, अनेक पदरी, आणि मध्यावर आणखी एक जाड गुंडाळी. ती हरणाच्या शिंगातून कोरलेल्या खटक्याच्या चकतीत बसे.

सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज गृहस्थानं 1903 साली क्रॉसबोवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही हाताळला जातो. त्यांच्याजवळ पंधराव्या शतकातला जिनोआचा पोलादी क्रॉसबो होता. त्याला ताणायला 1200 पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोंचा जोर लागे. वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीच्या एका काठावरून त्यांनी त्याचे बाण पलीकडच्या काठावर मारले, 440 ते 450 यार्डांवर. इतक्या जुन्या पोलादाला नव्या दोरीनं पुन्हा कामाला लावलं. दोरी कशी वळायची, हे त्यांनी ग्रंथात सविस्तर दिलं आहे, आणि ते दिलं नसतं तर त्यांचा प्रयोग पुन्हा करणं अवघड झालं असतं.

सोंगच्या ग्रंथाचं नशीब मात्र विचित्र होतं. मिंगनंतरच्या छिंग राजवटीत तो चीनमधून जवळजवळ नाहीसा झाला. जपानमध्ये मात्र तो वाचला जात होता. 1771 साली ओसाकात त्याची आवृत्ती निघाली आणि विसाव्या शतकात तिच्याच आधारानं चिनी वाचकांना आपला ग्रंथ परत मिळाला.

आजच्या खेळातल्या आणि शिकारीच्या क्रॉसबोंना दोरी पॉलिथिलिन किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यांची असते. हे धागे पाणी जवळजवळ शोषतच नाहीत, तरी मेणाची डबी सुटलेली नाही. मेण न लावलेल्या धाग्यांना फुसफुशी लव सुटते आणि ते आतून एकमेकांना कापत जातात. मध्यावरच्या गुंडाळीचं मात्र वेगळं आहे. बहुतेक निर्माते सांगतात की मेण दोरीच्या उघड्या भागांना चोळून मुरवावं, आणि दांड्यावर घासणाऱ्या गुंडाळीसाठी वेगळं वंगण अगदी थोडं वापरावं. गुंडाळीवर थापलेलं मेण खोबणीत उतरतं, धूळ धरतं आणि शेवटी खटक्यापर्यंत पोचतं. हंसाचं पीस आणि रॅमी होती तेव्हा दोघांना एकच मेण पुरत होतं. धागा बदलला तसा गुंडाळीपुरता नियम बदलला, उघड्या दोरीपुरता 1637 चा नियम आजही तसाच लागू आहे: क्रॉसबोच्या दोरीला मेण लावायचं.